मारुतीची डावी बाजू

सुधाकरराव सरांच्या बैठकीत खुर्ची एकच आहे. पाहुण्यांनी सतरंजीवर बसायचं आणि ऐकायची पाळी आली की एकेकानं उठून खुर्चीवर जायचं. खुर्चीच्या पायांखाली फरशीवर ऑइलपेंटनं चार फुल्या मारलेल्या आहेत. खुर्ची फुलीवरून बोटभर सरकली तरी आपल्या कानाला कळतं, असं सर म्हणतात. त्यांच्या पत्नी आशाबाई म्हणतात, झाडताना रोज सरकते.

खुर्चीसमोर दोन उंच काळे स्पीकर उभे आहेत आणि त्यांच्या मधोमध भिंतीवर कापसाच्या बियाण्याचं कॅलेंडर. सर आदिलाबादच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झाले आणि चिंचधरीला, म्हणजे आमच्या गावी, आपल्या घरी परत आले. निवृत्त माणसं शेतीत लक्ष घालतात, नाहीतर मंडल ऑफिसात सरपंचाविरुद्ध दरखास्त देतात. सरांनी ध्वनिमंच घेतला, म्हणजे दोन स्पीकरांमधून समोर उभा राहणारा आवाजाचा मंच. हा शब्द त्यांनीच तयार केला. इंग्रजी शब्द गावाला कळला नसता. मराठीही कळला नाही, पण निदान आपल्या भाषेत कळला नाही.

"दोन कान, दोन स्पीकर," सर समजावून सांगत. "डावीकडून जास्त आलं तर मेंदू म्हणतो, गाणारा डावीकडे आहे. दोन्हीकडून अगदी सारखं आलं तर मेंदू म्हणतो, मधोमध आहे. आता मधोमध काय आहे? काहीच नाही. कॅलेंडर आहे. पण डोळे मिटा, गायिका तिथंच उभी राहते."

लोक डोळे मिटत. सर विचारत, "कुठं आहे गायिका?"

"मुंबईत असन," लोक म्हणत.

अख्ख्या गावात ती गायिका एकाच माणसाला सापडली होती. आशाबाईंचे थोरले भाऊ अमृतराव. ते खुर्चीत बसले, डोळे मिटून गाणं संपेपर्यंत ऐकलं, आणि मग उठून कॅलेंडर वर करून त्याच्यामागे पाहून आले. सरांचे डोळे भरून आले. त्या दिवसापासून बायकोचा भाऊ आणि बहिणीचा नवरा यांच्यात असू नये इतकं सख्य दोघांत होतं. ते टिकलं असतं, तर ही गोष्ट सांगायची गरज पडली नसती.

आमचं गाव एका रस्त्याच्या दोन टोकांना पसरलेलं आहे. रस्त्याच्या मधोमध मारुतीचं देऊळ, मावळतीला वरची आळी, उगवतीला खालची आळी. सर राहतात वरच्या आळीत, अमृतराव खालच्या. कोजागिरीनंतर कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे देवळात काकड्याचं भजन होतं. सभामंडपात दोन रांगा समोरासमोर बसतात, प्रत्येक आळी आपापल्या बाजूला. खालच्या आळीचे अमृतराव ओळ सोडतात, वरच्या आळीचे बापूजी ती धरतात, मग बापूजी सोडतात, अमृतराव धरतात. दोन्ही रांगांच्या शेवटी, मधोमध, भगवंतराव मृदंग घेऊन बसतात. त्यांचं घर देवळाला लागूनच असल्यामुळे ते कोणत्याच आळीचे नाहीत, आणि म्हणून दोन्ही आळ्यांना त्यांचा भरवसा वाटतो.

अडचण एवढीच, की काकडा आणि कापूस एकाच महिन्यात येतात. पहाटे भजन करून दिवसभर वेचणी करणं जड जातं. देव आणि कापूस यांच्यात निवड करायची वेळ आली की आमचं गाव देवाला मोठ्या मनाचा समजतं. मागच्या साली शेवटी शेवटी दोन्ही रांगांत मिळून एवढीच माणसं उरली होती, की त्यांना रांग म्हणायलाही मन मोठं करावं लागलं असतं.

यावर सरांनी तोड काढली. कोजागिरीच्या आधीच एकदा सगळ्यांनी बसून भजन म्हणायचं, ते आपण रेकॉर्ड करू, आणि महिनाभर पहाटे देवळाच्या भोंग्यांवर लावू.

"अन् देवाले समजलं मंग?" बापूजींनी विचारलं.

"समजेल की. पण आवाज तुमचाच आहे ना? त्यात खोटं काय?"

"आवाज आपला अन् आपुन गोधडीत," भगवंतराव म्हणाले. "हे बेस हाय."

ठराव एकमतानं मंजूर झाला. आमच्या गावात एकमत झालं की पुढं काहीतरी होणार, हे जुनी माणसं ओळखून असतात, पण जुनी माणसं भजनातलीच होती.

रेकॉर्डिंगच्या दिवशी सरांनी दोन माईक आणले. एक खालच्या आळीच्या रांगेसमोर लावला, एक वरच्या आळीच्या. स्वतः गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसले, कानावर वाट्यांएवढे हेडफोन चढवले आणि तोंड भगवंतरावांकडे केलं.

"सर," बापूजी म्हणाले, "देवाकडं पाठ करून बसून राह्यले तुमी."

"बापूजी, हे भजन कोण ऐकतं?"

"मारुती."

"मग त्याला जसं ऐकू येतं तसं रेकॉर्ड व्हायला हवं. त्याचं तोंड जिकडे, माझं तोंड तिकडे. त्याच्या डाव्या हाताला अमृतराव, उजव्या हाताला तुम्ही, समोर मृदंग. दारातून येणाऱ्या भक्ताचं डावं-उजवं इथं चालणार नाही."

मारुतीला डावी बाजू असते हेच पुष्कळांच्या आजवर लक्षात आलं नव्हतं.

भजन रंगलं. सर डोळे मिटून बसले होते. त्यांची मिशी हलत होती, असं नंतर काहींनी सांगितलं. पण तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे माईकसमोर आपला चेहरा नीट दिसावा याच काळजीत होते.

घरी येऊन सरांनी कॉम्प्युटरवर दोन्ही रांगा आणखी थोड्या लांब सारल्या. अमृतराव पूर्ण डावीकडे, बापूजी पूर्ण उजवीकडे. मग खुर्चीत बसून ऐकलं, आणि त्यांच्या अंगावर काटा आला. डावीकडे अमृतराव होते. उजवीकडे बापूजी होते. मधोमध, कॅलेंडरच्या जागी, भगवंतरावांचा मृदंग होता, देवळाची घंटा होती, आणि त्यांच्याही मागे आणखी काहीतरी होतं. खोल, सलग, थोडं खालच्या सुरात घुमणारं.

"आशा! इकडे ये. बस इथं. मधे ऐक. मधोमध." सरांनी कॅलेंडरकडे बोट केलं. "कळलं काय आहे? गाभारा! दगडी खोलीला स्वतःचा एक नाद असतो. पुस्तकात शिकवला, कधी ऐकला नव्हता. दगड बोलतोय हा!"

आशाबाईंनी ऐकलं. एकदा स्पीकरांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"बोलून राह्यला खरा," त्या म्हणाल्या, आणि तव्यावरची भाकर पाहायला आत गेल्या.

देवळातलं जुनं मशीन बिघडलं होतं. वायरीचं सगळं काम गावातला राजकुमार करतो. लग्नात बाजा, मोटारीचं वायंडिंग, मोबाईलची काच, सगळं तोच. त्यानं नवं मशीन बसवलं. सरांनी पेनड्राइव्ह त्याच्या हातात देताना बजावलं, "यात डावं-उजवं आहे. डावं डावीकडे, उजवं उजवीकडे. चूक नको."

"सरे," राजकुमार म्हणाला. तो सीमेच्या या बाजूचा माणूस, होकार तेलुगूत देतो. मशीनला मागे दोन भोकं होती, देवळावर दोन भोंगे होते, एक वरच्या आळीकडे तोंड केलेला, एक खालच्या. राजकुमारनं दारात उभं राहून, मारुतीला हात जोडून, स्वतःचा डावा हात कोणता ते नीट पाहून, डाव्या भोकाची वायर डाव्या भोंग्याला जोडली. त्याला नावं ठेवायला कुठेही जागा नाही.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे खालच्या आळीत अमृतराव अंगावर घोंगडं घेऊन ओसरीवर बसले होते. शेजारी पत्नी राहीबाई आणि सून पूनम. चहा झाला होता. भोंगा खरखरला आणि बापूजींचा आवाज आला. ओळ संपली. मग काहीच नाही. लांबून टाळ वाजत होते, मृदंग वाजत होता, पण म्हणणारं कोणी नव्हतं. मग पुन्हा बापूजी.

"मामाजी, तुमचा कवा येते?" पूनमनं विचारलं.

"येईन."

आला नाही. बापूजी ओळ म्हणत, मग कोणीतरी हात दाबून तोंड बंद केल्यासारखी जागा जाई, मग पुन्हा बापूजी. आणि या सगळ्याच्या मधोमध, एक क्षणही न थांबता, रेड्याच्या नरड्यातून यावा तसा एक आवाज.

"अन् हा कोण हंबरून राह्यला?" राहीबाई म्हणाल्या.

अमृतरावांनी कान दिला. "जवाईबापू," ते म्हणाले, आणि घोंगडं झटकून आत गेले.

त्याच वेळी वरच्या आळीत बापूजी आपल्या अंगणात उभे होते, आणि तिथल्या भोंग्यावर फक्त अमृतराव होते. अमृतराव आणि तोच हंबरडा.

अर्ध्या तासात दोन्ही आळ्यांना सगळं समजलं. खालच्या आळीला समजलं, की सरांनी स्वतःच्या वरच्या आळीला पुढे केलं, आपला आवाज कापला आणि त्या जागी स्वतःचा भरला. वरच्या आळीला समजलं, की सरांनी बायकोच्या भावाला पुढे केलं, आपला आवाज कापला आणि त्या जागी स्वतःचा भरला. एकमेकांना विचारलं असतं तर कोडं तिथंच सुटलं असतं. पण राग आला की बोलणं बंद करायचं, ही आमच्याकडची पद्धत आहे. आधी विचारून घेऊन मग राग धरला तर त्या रागाला काही वजन राहत नाही.

देवळात जाऊन ऐकायचाही प्रश्न नव्हता. देवळात कोणी जायला नको म्हणून तर रेकॉर्डिंग केलं होतं. राजकुमार बटण दाबून घरी जाई. दोन्ही भोंग्यांच्या मधोमध रोज पहाटे एकटा मारुती असे.

आणि सर? भोंग्यावर संगीत ऐकणं हा कानाचा अपमान आहे, असं त्यांचं मत. पहाटे ते स्वतःच्या शेतातला कापूस कानात घालून झोपत. उठल्यावर खुर्चीत बसून पुन्हा तेच भजन ऐकत. डावीकडे अमृतराव, उजवीकडे बापूजी, मधे गाभारा. लोक रस्त्यात तोंड फिरवू लागले, तेव्हा सरांना वाटलं, एवढं चांगलं काम झाल्यावर थोडा मत्सर व्हायचाच.

दिवाळी चार दिवसांवर आली तेव्हा पूनम रिकामा डबा परत द्यायला आली आणि दारातच उभी राहिली. एरवी ती स्वयंपाकघरात जाऊन झाकणं उघडून पाहायची.

"आत्याबाई, मामाजीनं निरोप देल्ला," ती म्हणाली. "यंदा भाऊबीजेले येणार नाई म्हणते. ज्या घराले माहा आवाज नको, त्या घरी माहं कपाळ घेऊन कायले जाऊ, असं म्हणते."

आशाबाई तिथेच उंबऱ्यावर बसल्या. लग्न झाल्यापासून भाऊबीज चुकली नव्हती; नोकरी आदिलाबादला असतानाही दिवाळी याच घरात होई. दोन आळ्यांमधलं अंतर पाचशे पावलं, पण त्या दिवशी अमृतराव नवं धोतर नेसून, जणू पैनगंगा ओलांडून आल्यासारखे येत आणि आल्या आल्या पाय धुवायला पाणी मागत. आशाबाई मग दिवसभर 'माह्या माहेरचे' असं म्हणत.

संध्याकाळी त्यांनी सरांना सांगितलं.

"पण आवाज कापला कुठं?" सर चक्रावले. "डावीकडे सगळे तेच तर आहेत."

"थेच तं मले बी समजत नाई. रोज पाहाटे भोंग्यावर दादाचाच आवाज येते. मी अंगण झाडता झाडता ऐकतो. बापूजीचा तं येतच नाई."

"बापूजींचा येत नाही?"

"नाई. अन् ऐका. दादा भाऊबीजेले आला नाई, तं तुमचे हे दोन काळे ढोलके मी कापसाच्या गाडीत टाकून जिनिंगले पाठवून देईन. मंग मधात कोण उभं राह्यते थे पाहाजा."

दुसऱ्या दिवशी पहाटे सरांनी आयुष्यात प्रथमच कानात कापूस न घालता घर सोडलं. वरच्या आळीत अमृतराव होते, नुसते अमृतराव. सर चालत राहिले. देवळापाशी अमृतराव आणि बापूजी दोघेही होते, दोन्हीकडून. खालच्या आळीत पोचले तेव्हा नुसते बापूजी उरले. सर रस्त्यात थांबले. मग हातानं हवेत एक मारुती काढला, त्याला एक डावा हात काढला, समोर राजकुमार काढला, त्यालाही एक डावा हात काढला, आणि कपाळावर हात मारला. तो हात कोणता होता, ते सांगायची गरज नाही.

तसेच ते अमृतरावांच्या ओसरीवर चढले. "दादा, घोटाळा सापडला! तुमचा आवाज कापलेला नाही. तो आमच्या आळीत आहे. बापूजींचा तुमच्याकडे आहे. वायरीचा दोष."

अमृतराव दातून करत होते. थुंकून त्यांनी विचारलं, "बरं. वायरीचं समजलं. मंग तुमचा आवाज दोनी आळीत कसा?"

"माझा आवाज?"

"हा कोण हंबरून राह्यला मंग?" त्यांनी भोंग्याकडे दातून केलं.

सर ऐकू लागले. त्यांचा चेहरा उजळला. "तो? तो गाभारा आहे, दादा! दोन्ही माईकमध्ये सारखा आला म्हणून दोन्ही भोंग्यांवर सारखा येतो. दगडाचा नाद!"

"जवाईबापू, त्या गाभाऱ्यासमोर बसून माहे केस पिकले. इतक्या वर्सात गाभारा कधी बेसूर नाई झाला. तुमी फक्त म्हणा, की हा आवाज माहा हाये. मी भाऊबीजेले येतो."

आता दुसरा कोणी असता तर म्हणून मोकळा झाला असता. पण सर फिजिक्सचे. "जे खरं नाही ते मी कसं कबूल करू?" ते म्हणाले, आणि ओसरी उतरले.

घरी आशाबाई चुलीपुढे करंज्या तळत होत्या. सरांनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "मेंदूला पूर्वग्रह असला की कानाला भलतंच ऐकू येतं."

"तो आवाज तुमचाच हाये," आशाबाई करंजी उलटत म्हणाल्या.

"तू पण?"

"मी पयल्या दिवशीच वळखला. दाढी करतानी तुमी रेडिओसंगं असाच आवाज काढता. लगन झाल्यापासून ऐकून राह्यलो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"दगड बोलून राह्यला म्हणून तुमी एवढे खूश झाले होते. कायले सांगू?"

सर दुखावले. "आशा, मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. पुरावा लागतो."

"पुरावा," आशाबाई म्हणाल्या, "रोज सकाळी पडवीत मिशी कोरते."

भाऊबीजेच्या दिवशी सर पहाटे उठले. पडवीच्या खांबाला आरसा अडकवला, तोंडाला फेस लावला आणि कानावर हेडफोन चढवून भजन सुरू केलं. त्या नादाचं मोजमाप करून तो दगडाचाच आहे, हे आज सिद्ध करायचं त्यांनी ठरवलं होतं.

आशाबाई मात्र तोवर खालच्या आळीत पोचल्या होत्या. भावाच्या ओसरीवर त्या चढल्या नाहीत. रस्त्यातूनच म्हणाल्या, "दादा, ओवाळून घ्याले येऊ नको. तुले गाभारा दाखवतो, थो पाहाले ये."

बहिणीच्या नवऱ्याची फजिती पाहायला मिळणार असेल, तर आमच्याकडे माणूस तापातूनही उठतो. अमृतराव निघाले. परतताना आशाबाईंनी देवळापाशी भगवंतरावांना घेतलं, वरच्या आळीत बापूजींना घेतलं. पडवीचं दार अरुंद. पंधरा दिवस न बोललेले अमृतराव आणि बापूजी खांद्याला खांदा लावून त्यात अडकले.

"तुमी काऊन आले?" बापूजींनी पुढं पाहतच विचारलं.

"गाभारा पाहाले. तुमी?"

"मी बी थ्याच्यासाठीच."

"आमच्या आळीत तं तुमीच वाजून राह्यले रोज."

"मी? अरे, आमच्याकडं तं तुमी!"

"शू," आशाबाई म्हणाल्या. "सुरू होते पाहा."

सरांनी वस्तरा गालावर टेकवला. भजन त्यांच्या एकट्याच्या कानात चाललं होतं. बाकीच्यांना त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. पडवीत कोंबड्यांचा आवाज होता, नळाची टपटप होती. आणि मग सरांच्या मिटलेल्या ओठांमागून, खोल, सलग, थोडा खालच्या सुरात, गाभारा सुरू झाला.

भगवंतरावांनी दाराच्या चौकटीवर बोटं वाजवून पाहिली. "ठेका तं बराबर हाय," ते म्हणाले.

सरांनी दुसरा गाल घ्यायला मान वळवली, तेव्हा आरशात त्यांना स्वतःच्या मागे तीन म्हातारे आणि एक बायको दिसली. त्यांनी हेडफोन काढले. गाभारा थांबला.

सरांनी विचार केला. हेडफोन पुन्हा चढवले. गाभारा पुन्हा सुरू झाला. काढले. थांबला. इतका स्वच्छ प्रयोग त्यांच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत कधी झाला नव्हता.

"म्हणजे," सर फेसातून म्हणाले, "नादाचा उगम मानवी असावा, असं दिसतं."

"मानवी म्हणून नाई चालणार," अमृतराव म्हणाले. "नीट सांगा."

सरांनी आशाबाईंकडे पाहिलं. त्या नव्या लुगड्यात होत्या आणि त्यांच्या हातात ओवाळणीचं ताट तयार होतं. ते त्यांनी कधी घेतलं, कोणालाच कळलं नव्हतं. सरांचं पुस्तकी मराठी गळून पडलं.

"माहाच हाये," ते म्हणाले. "दगडाचा नाई."

"आशे," अमृतराव म्हणाले, "पाय धुवाले पाणी दे."

बैठकीत पाट मांडायला मोकळी जागा एकच होती. आशाबाईंनी खुर्ची उचलून अंगणात ठेवली आणि पाट चार फुल्यांच्या मधोमध मांडला. ओवाळून घेणाऱ्याचं तोंड उगवतीला हवं, आणि स्पीकर होते मावळतीला.

"अशानं डावं-उजवं उलटं ऐकू येईल त्यांना," सर कळवळून म्हणाले.

"येऊ द्या," आशाबाई म्हणाल्या, आणि भावाच्या कपाळाला कुंकू लावलं.

ताटात लुगडं पडलं. राहीबाई आणि पूनम मागून आल्या, पूनमनं स्वयंपाकघरातली झाकणं उघडून पाहिली, तेव्हा सगळं सुरळीत झाल्याचं सगळ्यांना कळलं. करंजी खाता खाता अमृतराव सरांना म्हणाले, "जवाईबापू, बहिणीचं देणं देल्लं. आता तुमी मले द्या. उद्या पाहाटे दोनी आळीत आमी दोघं बी पायजे. अन् तुमी कोठीच नको."

"सोपं आहे," सर म्हणाले, आणि त्यांना खरोखरच आनंद झाला. "मी दोन्ही बाजूंना सारखा आहे. एक बाजू उलटी करून दुसरीत मिसळली, की जे दोन्हीकडे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं. मधोमधचं सगळं नाहीसं होतं."

"म्हंजे तुमीच तुमाले पुसता?"

"हो."

"बेस."

त्या दुपारी सरांनी कॉम्प्युटरसमोर बसून गाभारा पुसला. आशाबाई चहा ठेवून गेल्या. तो गार झाला तरी त्यांनी उचलला नाही. राजकुमारनं दोन्ही भोंगे एकाच वायरीला जोडले. दुसऱ्या दिवशी पहाटे दोन्ही आळ्यांत अमृतराव होते, बापूजी होते, आणि हंबरडा नव्हता. लोकांनी गोधडीतूनच समाधान व्यक्त केलं.

उजाडायच्या आत भगवंतराव सरांच्या दारात उभे होते. गावात हा एकच माणूस असा होता, की ज्याची पंधरा दिवसांत कसलीच तक्रार नव्हती. दोन्ही आळ्यांत त्याचा मृदंग वाजत होता.

"सर," ते म्हणाले, "माहा मृदंग कोठी हाये?"

सरांच्या लक्षात आलं. "तुम्ही... मधोमध बसता."

"मंग?"

"मधोमधचं सगळं गेलं. घंटासुद्धा गेली."

"म्हंजे भांडण या दोघायचं, हंबरडा तुमचा, अन् पुसलं कोणाले? मले! थोडा ऐकू येते, थो बी पोत्यात घालून बडवल्यासारखा. बाप माहा मधात बसे, आजा मधात बसे, तवा कोणी नाई पुसलं." भगवंतरावांनी चौकटीवर थाप मारली. "आता करा असं, मले बी एका आळीत टाका. कोणत्या टाकता सांगा."

यावर फिजिक्समध्ये उत्तर नव्हतं. भगवंतरावांना एका आळीत टाकलं असतं, तर दुसऱ्या आळीनं देऊळ डोक्यावर घेतलं असतं. सर त्यांना घेऊन अमृतरावांकडे गेले, अमृतराव त्यांना घेऊन बापूजींकडे आले. बापूजींनी सगळं ऐकून घेतलं.

"हे कापाकापीचं काम नाई आपल्याच्यानं," ते म्हणाले. "उद्यापासून उठू."

"अन् कापूस?" अमृतरावांनी विचारलं.

"कापूस कोठी पळून चालला? तासभर थांबन."

पेनड्राइव्ह राजकुमारला परत दिला. त्यानं त्यावर लग्नाची गाणी भरली. उरलेला महिना काकडा देवळात, माणसांनी, जागेपणी केला. दोन्ही रांगा भरल्या. बायका मागच्या भिंतीला टेकून बसल्या. एवढी गर्दी मागच्या कित्येक सालांत झाली नव्हती, कारण आपला आवाज आपल्याच आळीला ऐकू जातो की नाही, याची खात्री प्रत्येकाला स्वतः करून घ्यायची होती.

सरांचं काय करायचं, असा प्रश्न निघाला. त्यांना टाळ देता येत नव्हते, ते पूर्वी देऊन झालं होतं. शेवटी असं ठरलं, की त्यांनी रेकॉर्डिंगच्या दिवशी बसले होते तिथंच, उंबऱ्यावर, मारुतीकडे पाठ करून बसायचं. अट एक: तोंड बंद.

सर बसले. डाव्या हाताला अमृतरावांनी ओळ सोडली. उजव्या हाताला बापूजींनी ती धरली. समोरून मृदंग आला, डोक्यावर घंटा वाजली. सरांनी डोळे मिटले. इतका रुंद, इतका खोल ध्वनिमंच त्यांच्या बैठकीत कधी उभा राहिला नव्हता, आणि इथं कोणाला शोधायला कॅलेंडर उचलावं लागत नव्हतं. तोंड बंदच होतं. कोणीही शपथेवर सांगेल, तोंड बंद होतं.

पण मिशी हलू लागली.

बापूजींनी समोर अमृतरावांकडे पाहिलं. भगवंतरावांनी मृदंगावरची मान न हलवता दोघांकडे पाहिलं. अमृतरावांनी भिंतीपाशी बसलेल्या बहिणीकडे पाहिलं. आशाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि टाळ्या वाजवत राहिल्या.

अमृतरावांनी पुढची ओळ जरा खालच्या पट्टीत सोडली, गाभाऱ्याला जुळेल अशी.